बुडालेल्या मठातलं दुसरं दार

ऑरिनच्या तळघरातलं सामान हलवायचं होतं, एवढंच काम होतं त्या रविवारी. मार्लिसने दुपारी जेवून झाल्यावर गाडी काढली. आकाश सकाळपासून शिशासारखं झालं होतं, आणि तळ्याकडून येणारा वारा रस्त्यावरचा बर्फ पिठासारखा उडवत होता. शाळेची बस चालवून चालवून तिला विस्कॉन्सिनच्या हिवाळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. संध्याकाळपर्यंत वादळ येणार, त्याआधी घरी पोचू, असा तिचा हिशेब.

ऑरिन गावचा न्हावी. शरद ऋतूत एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या दुकानात गावातल्या सगळ्या बातम्या कळत, आणि त्या सांगताना तो ज्याची बातमी त्याचा आवाज काढी. पाद्री, पोस्टमास्तर, पाद्र्याची बायको, सगळे. पण त्याची खरी करामत दर रविवारी तळघरात चाले. तिथे लांब टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून तो त्यामागे बसे आणि एक अख्खं जग चालवी. राखगाव नावाचं शहर, त्याच्या पलीकडे दलदल, दलदलीत बुडालेला मठ. मार्लिस त्या जगात चोरटी होती, ड्वेन बुटका लोहार, ऑरिनचा पुतण्या लेलंड भिक्षू. काय करायचं ते खेळणाऱ्यांनी सांगायचं, फासे टाकायचे, आणि पुढे काय झालं ते सूत्रधाराने, म्हणजे ऑरिनने, सांगायचं. त्याने कधी काही लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात.

खेळाचे छापील नियम होते, पण ऑरिनच्या घरात ऑरिनचे नियम. जेवढं विचाराल तेवढंच सांगेन. मेला तो गप्प. ज्याचं पात्र मेलं त्याने टेबलावरून उठून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आणि सोबत्याचा देह खाली टाकून यायचं नाही. या शेवटच्या नियमावरून ड्वेनने त्याच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला होता, पण ऑरिन हटला नाही.

मार्लिस पोचली तेव्हा बाकीचे दोघे आधीच आले होते. ऑरिनची बायको इर्मा स्वयंपाकघरात ट्यूना मासा आणि नूडल्स घातलेलं खोलगट भांडं लाकडाच्या चुलीच्या ओव्हनमध्ये सरकवत होती. लेलंड तिला काकू म्हणे, म्हणून सगळेच म्हणत.

"ते टेबल चर्चला द्यायचंय," इर्माकाकू म्हणाली. "पण त्याआधी एकदा खेळा. शेवटचं. त्याला बरं वाटेल."

"आणि सूत्रधार कोण होणार?" ड्वेन म्हणाला. हा चीजच्या कारखान्यात कामाला, आडवा गडी, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. "मी झालो तर पहिल्या खोलीतच सगळे हसून मरतील."

"बघा तुमचं तुम्ही," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दिवे गेले.

मग जरा धावपळ झाली. मार्लिस गॅरेजमध्ये कंदील शोधायला गेली. ड्वेन मागच्या अंगणातून चुलीसाठी लाकडं आणायला गेला. लेलंड अंधारात चाचपडत खाली उतरला. मार्लिस कंदील पेटवून तळघराच्या जिन्यावर आली, तर खेळ सुरू झालेला. आडोशामागून आवाज येत होता, "राखगावची वेस लागलीय. पहारेकरी विचारतो, इतके दिवस कुठे होतात?"

ड्वेन ऑरिनची नक्कल करतोय, असं तिला वाटलं. झकास जमली होती. तीच लय, तोच वाक्याच्या शेवटी घेतलेला दम. तिने कंदील छताच्या आकड्याला अडकवला. उजेड टेबलाच्या अलीकडच्या अर्ध्यावर पडला. पलीकडे आडोशाची सावली. रॉकेलचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली कुठेतरी दाढीच्या साबणाचा. ऑरिनचं घर ते, असणारच.

खेळ रंगला. असा रंगला नव्हता कित्येक वर्षांत. पहारेकऱ्याला लाच, दलदलीतली वाट, मठाच्या कळसावर बसलेले कावळे. मार्लिसने विचारलं, "भिंतीला हात लावते. कशी लागते?" आणि उत्तर आलं, "ओली. आणि किंचित कोमट." तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि ती खुशीने हसली.

मठातल्या दुसऱ्या दारापलीकडे लेलंडचा भिक्षू पुढे झाला आणि पायाखालच्या फळ्या मोडल्या. खाली काळं पाणी. लेलंडने फासा टाकला, हुकला. दुसरा टाकला, तोही हुकला.

"तळ लागत नाही," आवाज म्हणाला.

लेलंड काही न बोलता उठला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. पाण्यातून आणखी काहीतरी वर येऊ लागलं तशी मार्लिस आणि ड्वेन पळत सुटले. ते मठाबाहेर पडले आणि वरून इर्माकाकूची हाक आली, जेवायला या.

"देह नंतर आणू," ड्वेन हसत म्हणाला. कंदील तिथेच ठेवून दोघं जिन्याकडे आली. जाता जाता ड्वेनने लेलंडच्या पाठीवर थाप मारली. "चल रे भिक्षू. मेलेल्यांनाही भूक लागते." लेलंड हलला नाही. हा नियम पाळतोय लेकाचा, म्हणत ते वर गेले.

स्वयंपाकघरात मेणबत्ती होती. खिडकीबाहेर अजून दिवस असूनही काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. इर्माकाकूने ताटल्या मांडल्या. ड्वेनने पहिला घास घेतला आणि चमचा मार्लिसकडे रोखला.

"मानलं बाई तुला. हुबेहूब ऑरिन. कुठे शिकलीस?"

"मला काय मानतोस? तूच तर..."

"मी काय?"

"तू सूत्रधार होतास ना."

ड्वेन हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "मी माझ्या लोहाराचे फासे टाकत होतो. तुझ्या डोळ्यांसमोर. आडोशामागे तू होतीस. मी लाकडं ठेवून खाली आलो तेव्हा तू बोलत होतीस."

"मी तुझ्या शेजारी बसले होते, ड्वेन."

"छे. शेजारी लेलंड होता."

"एका बाजूला लेलंड, दुसऱ्या बाजूला..." तिने चमचा खाली ठेवला. आठवायला गेलं की आठवत होतं: आडोशाच्या वर ड्वेनचं टक्कल, कंदिलाच्या उजेडात चमकणारं. आणि त्याच वेळी ड्वेनचा हात, आपल्या कोपराला लागणारा, फासे खुळखुळवणारा. दोन्ही तितकंच स्पष्ट. दोन्ही कसं असेल?

"मग लेलंड असेल," ड्वेन म्हणाला. "त्याची चेष्टा असेल ही."

"तो मेला ना मध्येच. तो उठून गेल्यावरही आवाज चालू होता..."

दोघंही इर्माकाकूकडे बघू लागली. ती शांतपणे पावाला लोणी लावत होती. "मला वरून नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पण छान चाललं होतं. लेलंडला बोलवा ना. गार होईल सगळं."

लेलंड पायरीवर तसाच बसलेला होता. हात मांडीवर, मान किंचित वर. मार्लिसने त्याला हलवलं. अंग गार होतं, तळघराच्या गारठ्याने होतं त्याहून फार गार. ओठ निळे. डोळे उघडे. नाकाखाली बोट धरलं तर श्वास होता, पण इतका बारीक की तिला वाटलं, हा आपल्याच बोटाचा भास.

"लेलंड! ए लेलंड! पुरे झाली मस्करी!" ड्वेनने त्याला उचलायला बगलेत हात घातले. अडीचशे पौंडांची चीजची पिंपं फिरवणारा माणूस. पण त्याला लेलंड पायरीवरून सुटेना. जणू खालून कुणी धरला होता.

"डॉक्टरला फोन..."

"फोन बंद आहे," वरून इर्माकाकू म्हणाली.

बाहेर वादळ. रस्ता दिसत नव्हता. मार्लिसला काही सुचेना. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते इतकं खुळचट होतं की म्हणायची लाज वाटत होती.

"ड्वेन... आपण देह टाकून आलो."

ड्वेनने तिच्याकडे बघितलं. तो चेष्टा करेल, असं तिला वाटलं. त्याने नुसती मान हलवली आणि टेबलाशी जाऊन बसला.

ती त्याच्या शेजारी बसली. या वेळी तिने नीट बघून घेतलं. ड्वेन इथे, ती इथे, लेलंड जिन्यावर. आडोशामागे सावली. फक्त सावली.

"आम्ही..." ड्वेनने आपल्या लोहाराचे फासे मुठीत घेतले. "आम्ही मठात परत जातो."

कंदिलाची वात फरफरली. बराच वेळ काही झालं नाही. मग,

"या," आवाज म्हणाला. "वाट तुम्हाला माहीत आहे."

ड्वेनचाच आवाज. ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि तो डोळे फाडून तिच्या ओठांकडे बघत होता.

तिने टेबलाखाली त्याचा हात धरला. "दुसऱ्या दाराशी थांबतो. खाली... खाली काय दिसतं?"

"पाणी."

"आणि?"

"भिक्षू. पृष्ठभागाच्या जरा खाली. वर बघतोय."

ड्वेन टेबलावर पुढे झुकला. "कोण आहेस तू..." तो पुटपुटू लागला, आणि मार्लिसने त्याच्या तळव्यात नखं रोवली. जेवढं विचाराल तेवढंच सांगेन. हे विचारलं तर तेही सांगेल. तिला ते ऐकायचं नव्हतं. तो ऑरिन नसलाच तर?

"लोहार मठाच्या घंटेची साखळी खाली सोडतो," ती घाईघाईने म्हणाली. "मी तिला धरून पाण्यात उतरते. त्याची कॉलर पकडते."

"फासा टाक."

तिने टाकला. वीस पैलूंचा फासा टेबलावरून घरंगळत आडोशाखालच्या फटीतून पलीकडे गेला. गडगडत राहिला. थांबला. उठून बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

खूप वेळ गेला.

"लागला हाताला," आवाज म्हणाला. आता तो लेलंडचा होता. "ओढा."

"ओढतो!" दोघं एकदम ओरडली.

जिन्यावर लेलंडने असा श्वास घेतला की तळघर घुमलं. मग खोकला, खोकत खोकत पुढे कोसळला. ड्वेनने झेप घेऊन त्याला सावरलं आणि एखाद्या पोरासारखा खांद्यावर टाकून वर धावला. मार्लिस कंदील काढून मागोमाग निघाली. तिने मागे बघितलं नाही.

चुलीजवळ त्याला ब्लँकेटं गुंडाळली, कॉफी पाजली. कपडे कोरडे होते. ओठांवर हळूहळू रंग आला. मग त्याने तोंड उघडलं.

"मी हाका मारत होतो... तुम्हाला. तुम्ही वर बसून जेवत होता. खालून सगळं दिसत होतं."

इर्माकाकूने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "तिथे आणखी कोण होतं रे?"

लेलंडने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

वारा जरा पडला तशी ड्वेनने ट्रक सुरू केला. लेलंडला दवाखान्यात न्यायचं ठरलं. इर्माकाकूला सोबत चला म्हटलं तर ती ऐकेना. भांडी पडलीत, म्हणाली. वीज येईल आता. मला काय होतंय?

मार्लिस आपल्या गाडीत बसली. किल्ली फिरवली. काचेवरचा बर्फ पुसला. आणि मग तिला राहवेना. त्या घरात त्या बाईला एकटीला कसं सोडायचं? ती उतरून परत दाराशी गेली. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आतून कडी लागलेली. स्वयंपाकघरातली मेणबत्ती विझलेली दिसत होती.

ती घराला वळसा घालून गेली. तळघराची एक बसकी खिडकी जमिनीलगत होती, बर्फात अर्धी बुडालेली. तिने गुडघ्यांवर बसून हातमोज्याने बर्फ बाजूला केला. आत कंदिलाचा क्षीण उजेड होता. इर्माकाकू टेबलाशी बसली होती, लेलंडच्या खुर्चीत, स्वयंपाकाचा ॲप्रन अजून अंगावर. मान एका बाजूला कलती करून ती ऐकत होती. चेहरा नव्या नवरीसारखा.

"हो," ती म्हणाली. काचेतून शब्द बारीक येत होते. "हो, पोहता येतं मला." मग पुन्हा ऐकलं. हसली. "तू तिथेच थांब. मीच उतरते मग. खाली फार खोल आहे का?"

मार्लिसने काचेवर थाप मारायला हात उचलला.

"नाही," कुणीतरी म्हणालं, अगदी जवळून, ऑरिनच्या लयीत, वाक्याच्या शेवटी दम घेत. "गुडघाभर पाणी आहे. ये."

मार्लिसचा हात हवेतच राहिला. मागे कुणी नव्हतं. अंगणात तिच्याच पावलांचे ठसे. तिने समोर पाहिलं. खिडकीच्या गार काचेवर नुकतीच वाफ धरली होती, बरोबर तिच्या उघड्या तोंडासमोर.

आत इर्माकाकूने समजल्यासारखी मान डोलावली आणि फासा उचलला.