सत्तर-सत्तरची गाडी

बॉनेट वर गेलं आणि निरीक्षकबाईंचा टॉर्च धरलेला हात तिथेच थबकला.

चेसिस नंबर जिथे ठोकलेला असतो, तिथला पत्रा छिन्नीने खरवडून काढला होता. गाडीभर धूळ आणि गंज. तेवढी एक पट्टी मात्र लखलखत होती.

"झालं का, मॅडम?" मागून घरच्या बाईचा आवाज आला. "ऑफिस बंद व्हायच्या आत कागद पोचायला हवेत ना?"

निरीक्षकबाई वळल्या. परिवहन कार्यालयात त्यांचा जन्म गेला होता. वाईट बातमी सांगायला मात्र अजून जीभ रेटत नसे.

"गाडीवरचा हा आकडा कागदांशी जुळल्याशिवाय नंबर दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. आणि इथे आकडाच उरलेला नाही."

ती बाई शेडच्या दारात मटकन बसली.

तिच्या नवऱ्याला सगळे 'सत्तर' म्हणत. गाडीचा नंबर सत्तर-सत्तर, त्याने हौसेने मागून घेतलेला. त्या पांढऱ्या गाडीतून तो आजारी माणसांना दारातून उचलून दवाखान्यात न्यायचा आणि परत आणून सोडायचा. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि तोच गेला. बायकोने हिंमत करून एक व्हॅन घेतली, तेच काम पुढे चालवायचं ठरवलं. पण नव्या बाईच्या नव्या गाडीत आपला पेशंट बसवायला लोक कचरत. नंबर तरी तोच दिसू दे, मग लोक बसतील, एवढीच काडी तिने धरून ठेवली होती. जुनी गाडी रस्त्यावर चालण्यासारखी राहिली नव्हती आणि नंबर राखून ठेवायची मुदत आज संपत होती.

"उद्यापासून तो कुणालाही मिळेल," ती पुटपुटली. "त्यांचं दुसरं काय उरलंय हो माझ्याकडे?"

निरीक्षकबाईंनी शेडचं कुलूप उलटसुलट करून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक घरात, खिळ्याला. दुसरी माझ्या भावाकडे."

"घरात कोण कोण?"

"मी आणि सासरे. वरच्या मजल्यावर दीर. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे."

तेवढ्यात तिचा भाऊ धावत आला. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. मिशा आल्या तरी सगळ्यांसाठी तो बाळ्याच. मेहुणे गेल्यापासून या घराची सगळी पळापळ तोच करत होता.

"तरी मी सांगत होतो, ताई, त्या नंबरचा नाद सोड म्हणून!" बॉनेटखाली पाहून तो म्हणाला. "हे कुणाचं काम आहे ते आंधळ्यालाही दिसेल. गाडी भंगारात घाला म्हणून रोज कोण ओरडतं?"

"तोंड सांभाळून बोल!" जिन्यावरून दीर गरजला.

"तुम्ही तसं म्हणायचात?" निरीक्षकबाईंनी त्याला विचारलं.

"म्हणायचो. आजही म्हणतो. माझे वडील रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसतात. जेवायला हाक मारली तरी उतरत नाहीत. भाऊ गेला तो गेला, आता बापही त्या डबड्यापायी घालवायचा का?"

"तुमच्याकडे ग्राइंडर आहे?"

"वेल्डरला विचारताय? दोन आहेत."

निरीक्षकबाई पुन्हा पत्र्यावर वाकल्या. छिन्नी जागोजागी घसरली होती. एका ठिकाणी तर मारणाऱ्याने बाजूच्या नळीलाच घाव घातला होता. सवयीने त्यांनी समोरचे दिवेही पाहिले. गेल्या पावसाळ्यात एका पांढऱ्या गाडीने पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला उडवलं होतं. मागे राहिल्या होत्या फक्त दिव्याच्या काचा. पोलिसांनी सगळ्या निरीक्षकांना कळवून ठेवलं होतं. या गाडीचे दिवे मात्र धड होते.

दाराशी खुर्चीवर सासरे बसले होते. नाना. त्यांना दिसत नसे.

"नाना, शेडमध्ये कुणी आल्याचं कानावर आलं का?"

"माझ्या कानांवर कोण भरवसा ठेवतं?" म्हातारा हसला. "गाडीचं दार आधी ठप्पकन बसायचं. पेटीचं झाकण बसावं तसं. गॅरेजमधून आली तेव्हापासून खणकन वाजतं. तर हा बाळ्या म्हणतो, नाना, तुमचे कान गेले. म्हटलं, असेल. पोरगा गेला, डोळे गेले, कानांनी एकट्याने मागे राहून काय करायचं?"

"गॅरेजमध्ये कुणी नेली होती?"

"मीच," बाळ्या म्हणाला. "पावसाळ्यात. पण इंजिन जाम झालेलं. वस्तादांनी हात टेकले. दोर लावून ओढत परत आणली."

निरीक्षकबाईंनी बहिणीकडे पाहिलं. "तुम्ही त्यानंतर गाडीत बसलात?"

"नाही. हे गेल्यावर आत पाय ठेवायचा धीरच झाला नाही. यांनी आत छताला एक स्टीलची कडी ठोकली होती. चार जाड स्क्रू मारून. पेशंटला धरून उठता यावं म्हणून. ती कडी नजरेला पडली की..."

निरीक्षकबाईंनी मागचं दार उघडून आत डोकं घातलं. कडी नव्हती.

"वस्तादांनीच काढली ती," बाळ्या घाईने म्हणाला. "ढिली झाली होती."

छताच्या कापडावरून निरीक्षकबाईंनी बोटं फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग गॅरेजच्या वस्तादांचा नंबर मागितला आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बोलून आल्या.

"सगळे इथे या," त्या म्हणाल्या. "हे वेल्डरचं काम नाही. ज्याच्या हातात रोज ग्राइंडर असतो, तो छिन्नी घेऊन झटत बसणार नाही. ज्याला हे काम जमत नव्हतं, त्यानेच हे केलंय."

"पण कशाला?" दीर म्हणाला. "नंबर मिळू नये म्हणून?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण कडी काढली तर स्क्रूची भोकं राहतात. या छताला टाचणीएवढंही भोक नाही. म्हणजे इथे कडी कधी बसवलीच नव्हती. नानांचे कान शाबूत आहेत. दार बदललं, कारण गाडीच बदलली आहे. ही सत्तर-सत्तरची गाडी नाहीच. पाट्या तेवढ्या त्याच. खाली आकडा राहिला असता, तर आज तो जुळला नसता आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून तो खरवडला."

दिराने आत वाकून छताला हात लावून पाहिला.

"वस्ताद म्हणतात, इंजिन दुरुस्त झालं होतं. कडीला त्यांनी हात लावला नव्हता. पहाटेच येऊन बाळ्या स्वतः गाडी चालवत घेऊन गेला." त्या बाळ्याकडे वळल्या. "चालवत नेलेली गाडी घरी दोराने ओढत का आली? त्या पहाटे रस्त्यात काय झालं?"

बाळ्याने बहिणीकडे पाहिलं आणि त्याचं सगळं अवसान गळालं.

"तुला सरप्राइज द्यायचं होतं, ताई. तू उठायच्या आत गाडी दारात उभी करायची होती." तो हुंदके देऊ लागला. "वळणावर ती बाई दिसलीच नाही. आवाज आला. मी थांबलो नाही. घाबरलो गं. समोरचा भाग फुटला होता, म्हणून भंगारवाल्याकडून अशीच एक पांढरी आणली. आपली त्याच्या आवारात आहे, ताडपत्रीखाली."

बहीण हळूच उठली. तिचा चेहरा कोरा होता.

"ताई, ऐक," त्याने तिचा हात धरला. "तिच्यावरचा आकडा शाबूत आहे. अजून वेळ आहे. मॅडमनी तेवढा बघावा, नंबर व्हॅनवर चढेल, मग गाडी मोडीत. कुणाला काही कळायचं नाही. भावजींचा नंबर वाचेल. मीही वाचेन."

"मी सगळं ऐकलंय," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मला ते लपवता येणार नाही. पोलीस गाडी जप्त करतील आणि खटला संपेपर्यंत तिला कुणालाही हात लावता येणार नाही."

"म्हणजे नंबर गेला," बहीण म्हणाली.

"गेला."

तिने भावाचा हात सोडवला. रागाने नाही, लहान पोराची मूठ उघडावी तशी एकेक बोट उलगडून.

"ती बाई जिवंत आहे का?"

"आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "कंबर मोडलीय. उठता येत नाही."

"आणि तू रोज माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होतास." ती निरीक्षकबाईंकडे वळली. "तुम्ही नका करू फोन. मला लावून द्या. त्याला मी वाढवलंय, मीच सांगते."

बोलताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती भिंतीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. दीर शेजारी येऊन उभा राहिला. नाना चाचपडत आले आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

नंबर दुसऱ्या कुणालातरी मिळाला. व्हॅनवर आता भलताच आकडा आहे, कुणाच्या लक्षात न राहणारा.

बाळ्याला शिक्षा झाली त्या आठवड्यात त्याची बहीण झाडूवालीच्या घरी गेली. उपचारांना तुम्हाला मी नेत जाईन, म्हणाली. झाडूवालीने दारातूनच विचारलं, "तू त्याची कोण?"

"बहीण."

दार तोंडावर बंद झालं. ती पुढच्या आठवड्यात परत गेली, त्याच्या पुढच्याही. कधी पाणी मिळालं, कधी शिव्या. एक दिवस दार उघडलं तेव्हा झाडूवाली कुबड्या काखेत घेऊन तयार उभी होती.

"बोलायचं नाही वाटेत," तिने बजावलं.

"नाही बोलणार," ती म्हणाली आणि तिला आधार द्यायला पुढे झाली.