एका माणसापुरती फळी

मिस्त्रींचं काम म्हणजे बोट दाखवायला जागा नाही. त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरायचं नाही, ड्रॉवर कधी अडायचा नाही. पण अशा चोख माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कुठून कळणार? त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला वर्षानुवर्षं दारंच नव्हती, कारण मनासारखं लाकूड मिळत नव्हतं. बायको बिचारी कपाटाला पडदा लावून दिवस काढत होती.

तिचा हट्ट म्हणाल तर आयुष्यात एकच. कुठंतरी पाण्याकाठी एक रात्र गाडीत झोपायचं, सकाळी चहा प्यायचा आणि घरी यायचं. बस. त्यासाठी मिस्त्रींनी बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली आणि आत दोघांपुरती झोपायची फळी ठोकली. बायको त्याच दिवशी कोऱ्या प्लायवूडवर आडवी झाली आणि म्हणाली, "चला ना. अशीच जाऊ."

मिस्त्री म्हणाले, फिनिशिंग राहिलंय. मग पॉलिश राहिलं, मग बिजागऱ्या पसंत पडेनात. ती दर सुट्टीला विचारायची, हे दर सुट्टीला काहीतरी राहिलेलं दाखवायचे. असं करता करता एकदा ती साध्या तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही.

त्यानंतर ते कधी न संपणारं काम मिस्त्रींनी महिन्याभरात उरकलं. रात्रंदिवस रंधा चालवला. आणि त्यात एक गोष्ट अशी केली, की लेकीनं ती पाहिली आणि दिवसभर बापाशी बोलली नाही. आईच्या बाजूची अर्धी फळी त्यांनी कापून टाकली होती आणि तिथं पाण्याची टाकी बसवली होती. मोकळी जागा डोळ्यांना सोसवत नव्हती हो, दुसरं काय! पण हे लेकीला सांगायला तोंड उघडेल तर ते मिस्त्री कसले?

अखेर ते एकटेच निघाले. लेक म्हणाली, मी येते सोबत. नको म्हणाले. त्यांना बायकोला एकच गोष्ट सांगायची होती. चुकलं माझं. जन्मात कुणापुढं न उच्चारलेले शब्द होते ते, आणि लेकीसमोर काही ते तोंडातून बाहेर पडले नसते.

दिवस मावळताना त्यांनी तळ्याकाठी झाडाखाली गाडी लावली. आसपास वस्ती नाही, दिवा नाही. पाणी काठाला लागून चुबुकचुबुक वाजत होतं, तेवढाच आवाज. स्टोव्हवर खिचडी शिजवली, दोन घास खाल्ले, दार आतून लावलं आणि दिवा मालवला. आत पॉलिशचा वास होता, अजून ताजा. अंधारात पडल्या पडल्या त्यांनी हळूच हाक मारली, "अगं, ऐकतेस का... झालं बघ सगळं. ये आता." स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना ओशाळल्यासारखं झालं. मग भिंतीकडे तोंड करून ते झोपी गेले.

जाग आली तेव्हा पाण्याचा आवाज थांबला होता. पॉलिशचा वासही गेला होता. त्याच्या जागी बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा, ओल धरलेल्या कपड्यांचा वास होता. तळ्याचाच असेल, मिस्त्रींनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात पाठीमागे, फळीच्या कडेवर, कुणीतरी टेकलं.

"सरका ना जरा..."

कुजबुज होती नुसती. मिस्त्रींच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आली! ते भिंतीकडे सरकले. पाठीमागचं गारठलेलं अंग आडवं झालं.

"अजून थोडं..."

ते पुन्हा सरकले. थोड्या वेळानं पुन्हा. जागा मिळत गेली, ते सरकत गेले. आणि मग त्यांच्यातला सुतार जागा झाला. फळी तर एका माणसापुरती आहे, माप स्वतः घेतलंय, कापली स्वतः. एवढं सरकल्यावर नाक भिंतीला लागायला हवं होतं. त्यांनी हळूच हात पुढं केला. हात गेला तसा जात राहिला. भिंत नव्हती. बोटांना नुसता गार, ओला काळोख लागत होता.

आता वळायचं आणि सांगायचं, बस एवढंच करायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. पण भीतीनं मान वळेना. मिस्त्री मनाशी म्हणाले, उजाडू दे. उजाडलं की नीट तोंड बघून सांगू. आणि हात तसाच छातीशी ओढून, डोळे घट्ट मिटून पडून राहिले.

उजाडलं तेव्हा पाठीमागे कुणी नव्हतं. नाक भिंतीला टेकलं होतं, फळी होती तेवढीच होती. मिस्त्री उठून बसले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. तीच सवय, तोच नाद. हिच्या जिवंतपणी टाळत राहिलो आणि ही मेल्यावर एवढ्या लांबून आली, तरी उद्यावरच ढकललं! चहा करायचंही त्यांना सुचलं नाही. गाडी चालू केली आणि परत निघाले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर लेकीचा फोन आला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बाबा, सोबत कोण होतं?"

"कोण असणार? एकटाच होतो."

लेक सांगू लागली, की तिला रात्री झोप येईना म्हणून तिनं फोन केला होता, तर तो एका बाईनं उचलला. म्हणाली, ते झोपलेत. मिस्त्रींना तर फोन वाजल्याचंही आठवत नव्हतं. पण ती कोण, ते त्यांना लगेच कळलं.

"अगं, आई होती ती तुझी..."

"मलाही तसंच वाटलं." लेकीचा आवाज बारीक झाला. "आवाज वेगळा होता, पण म्हटलं... मी विचारलं, आई का गं? तर ती हसली, बाबा. म्हणाली, तिचं कुठं नाव घेतलं त्यांनी? ये म्हणाले, मी जवळ होते... आले."

मिस्त्रींना रात्रीची आपली हाक आठवली. खरंच की. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अगं आणि ऐकतेस का यापलीकडे त्यांनी बायकोला कधी हाकच मारली नव्हती. शेजारी, नातेवाईक, दवाखान्यातली नर्ससुद्धा तिला नावानं हाक मारायची. यांनी मात्र एकदाही नाही, शेवटच्या दिवशीही नाही. ती बिचारी कुठंतरी वाट बघत असेल आणि तिला कळलंही नसेल, की काल आपल्याला बोलावलं होतं.

"बाबा... ऐकताय ना? बाहेर या गाडीतून. मी येते तिकडं."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. समोर रस्ता रिकामा होता, ऊन चांगलं वर आलं होतं. मागे वळून न बघता मिस्त्रींनी जन्मात पहिल्यांदा बायकोचं नाव घेतलं, आधी हळू, मग जरा मोठ्यानं.

ओ आली नाही. मागच्या बाजूला फळी फक्त किंचित वाजली आणि उभी असलेली गाडी एका अंगाला कलली, झोपलेलं माणूस उठून कडेला येऊन बसावं तशी.