संमती मागे घेतल्यावर

नागपूरच्या एका मेंदू-रुग्णालयातल्या विदागारात, म्हणजे संगणकांवरच्या नोंदींच्या खोलीत, पुसण्याचं काम संपल्याची हिरवी पट्टी पडद्यावर भरली आणि दयानंद वासनिकांनी खुर्चीत पाठ टेकली. ते रुग्णालयाचे गोपनीयता अधिकारी. एका जुन्या रुग्णाने आपली माहिती ठेवण्याची संमती मागे घेतली होती, आणि नव्या कायद्याप्रमाणे ती प्रत्येक साठ्यातून पुसणं बंधनकारक होतं. रुग्णाचं नाव अधिकाऱ्यालाही कळत नसे. दिसे तो फक्त सांकेतिक क्रमांक.

यातला एक साठा माणसाच्या डोक्यात होता. डॉ. यामिनी पोतनीस तिथल्या ज्येष्ठ शल्यविशारद. काही वर्षांपूर्वी मेंदूज्वराने त्यांची स्मृतिकेंद्रं निकामी होऊ लागली, तेव्हा साऱ्या आठवणी मेंदूत बसवलेल्या एका इवल्या स्मृतिधारकात उतरवून घेतल्या गेल्या. पुन्हा रुग्ण तपासण्याची परवानगी मागताना त्यांनीच रुग्णालयाच्या समितीला सांगितलं होतं, "माझ्या डोक्यातलं यंत्र रुग्णालयाचंच कपाट समजा. रुग्णाने संमती काढून घेतली, तर तो मलाही आठवता कामा नये."

एका रुग्णाच्याच आठवणी वेगळ्या कशा काढणार, असं वासनिकांनी तेव्हा विचारलं होतं. यामिनीबाईंनी समजावलं, की चेहरा आणि आवाज मिळून यंत्र प्रत्येक माणसाची ओळखखूण बनवतं. त्या खुणेला जोडलेलं सगळं एकाच कूटकिल्लीने बंद असतं. किल्ली नष्ट झाली की ते परत मिळत नाही.

संध्याकाळी श्रीकर पोतनीस पत्नीला न्यायला आले. वासनिक त्यांना ओळखत होते. दोघं बोलत बोलतच यामिनीबाईंच्या खोलीत शिरले. बाई वासनिकांकडे पाहून हसल्या आणि सोबतच्या गृहस्थांना त्यांनी खुर्ची दाखवली.

"बसा ना. काय त्रास होतोय आपल्याला?"

श्रीकरना थट्टा वाटली. चल, उशीर होतोय, असं ते म्हणाले. परक्या माणसाच्या तोंडचं ते 'चल' ऐकून बाईंच्या कपाळावर आठी पडली.

वासनिकांनी श्रीकरना बाहेर नेलं आणि विचारलं, तुम्ही इथे कधी रुग्ण होता का?

होतो, लग्नाआधी, श्रीकर म्हणाले. अपस्माराचे झटके यायचे. शस्त्रक्रिया यामिनीनेच केली, तिथेच ओळख झाली. त्या जुन्या नोंदीमुळे आता गिर्यारोहण संस्था त्यांना मोहिमेवर घेत नव्हती, म्हणून त्यांनी संमती मागे घेतली होती. यामिनीला मुद्दामच सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणून ती जाऊ देणार नाही, ही भीती.

"पण मी आजाराचंच पुसायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"रुग्ण कुठला आणि नवरा कुठला, हे यंत्राला कळत नाही, श्रीकरराव. किल्ली एकच होती. ती आज मी नष्ट केली."

श्रीकर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी विचारलं, आता काय करायचं? नवी संमती दिल्याशिवाय इथून पुढचंही तुमचं काही बाईंच्या लक्षात राहणार नाही, असं वासनिकांनी सांगितलं. श्रीकरनी ती तिथल्या तिथे दिली.

मग वासनिकांनी श्रीकरना आत नेऊन बाईंशी ओळख करून दिली आणि त्यांना सगळं सांगितलं. एखाद्या अनोळखी रुग्णाची हकिगत ऐकावी तसं त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मात्र शेवटी हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या घरी गेल्या नाहीत, रुग्णालयातच राहिल्या.

सकाळी श्रीकर पुन्हा आले. दारातून त्यांना पाहताच यामिनीबाईंचा चेहरा उजळला. श्रीकर झटकन पुढे आले.

"या ना, ओळखलं मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही श्रीकर. काल वासनिकांनी ओळख करून दिली होती."