कोतूळच्या पाहुण्यांची सुपारी

"ए मुडद्या, थांब! पाय उचलू नको!"

मनकर्णा एवढ्यानं ओरडली की तिची म्हैससुद्धा चरायची थांबली. समोर नुसतं धुकं... ताकासारखं दाट. त्या ताकात एक पोरगा उभा, खांद्याला पिशवी, एक पाय अधांतरी. त्याच्यापुढं एका पावलावर जमीनच संपत होती. तिथून खाली कोकणकडा. पाय पडला असता तर माणूस थेट कोकणात.

"कोन हाय?" तो म्हणला. आवाजात भीती नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"तुजी मावशी! मागं सरक. तसाच... वळू नको म्हणते ना!"

तो दोन पावलं मागं आला. तिनं त्याची बाही धरून असा हिसका दिला की गडी सोनकीच्या फुलांत पाठीवर आडवा. उठला तर केसांत पिवळी फुलं. आणि हसतोय!

"तुमच्याकडं आदी शिवी देत्यात आन् मंग रामराम घालत्यात का?"

"रामराम घालत बसले असते तर आतापत्तर कोकणात पोचला असतास. न चालता."

त्यानं मागं वळून पाहिलं. धुकं जरा फाटलं होतं, खालची पोकळी दिसली. तेव्हा कुठं त्याचं हसू उतरलं. मनकर्णेला बरं वाटलं. मग उगाच वाईटही वाटलं.

पोरग्याचं नाव गोरक्ष. राहात्याकडचा. त्याचा दोस्त राधाकृष्ण मागं एका दगडावर घोटा धरून बसला होता. दोघं घाटघरपासून डोंगराडोंगरानं चालत निघालेले. कधी रतनवाडीला मुक्काम, कधी कुमशेतला. दिवस मावळेल तिथं कुणाच्या तरी झापात पथारी टाकायची, सकाळी भाकरी खाऊन पुढची वाट धरायची. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना राधाकृष्णाचा पाय मुरगळला, आणि गोरक्ष झाप शोधायला धुक्यात भलतीकडंच गेला.

"मंग गावलं झाप," मनकर्णा म्हणली. "आमचंच हाय. चला."

झाप म्हणजे डोंगरातलं घर. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर. पाऊसकाळात मनकर्णेचा बाप सहादेव भारमल गुरं घेऊन गडावर येई आणि दिवाळीपर्यंत राही. सोबत मनकर्णा आणि तिची विधवा आत्या गोजरबाई. बहात्तरच्या दुष्काळात गडावरचं गवत जळून गेलं होतं, म्हणून त्या पुढच्या साली दसऱ्याच्या तोंडावर कमरेएवढं गवत बघून सहादेव सारखा खुशीत असायचा. पाहुणे बघून आणखीच खुलला. गोजरबाईनं मात्र राधाकृष्णाच्या घोट्याला आंबेहळद लावता लावता त्याचा उद्धार केला.

रात्री चुलीपुढं हुलग्याचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. मनकर्णा भाकऱ्या थापत होती, गोरक्ष तव्यावरच्या उलटत होता.

"मला एक सांग," ती म्हणली. "रानात गुरं न्हाईत, देवाला नवस न्हाई. मंग एवडं चढता कशाला?"

"वर आल्यावर कोनतरी शिव्या देतं. गोड वाटतं."

"हात भाजंल हां तुजा. भाकरीकडं बग."

"भाकरीकडंच बगतोय."

बघत तो भलतीकडंच होता. मनकर्णेच्या ते ध्यानात आलं. तिच्या ध्यानात सगळंच यायचं. तिनं मुद्दाम त्याच्या ताटात ठेचा दुप्पट वाढला. त्यानं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ला, आणि वर परत मागितला!

बोलता बोलता सहादेवानं त्याची मुळं उकरली. आजा सामरदचा, आडनाव धिंदळे. खाली साखर कारखाना निघाला तसा डोंगर उतरला, तो कायमचा. बाप आता कारखान्यात फिटर.

"म्हंजे आपल्यातलाच की रं!" सहादेवानं मांडीवर थाप मारली. "आन् बोलतूस कसा, बागाईतदारावानी!"

"रीतभात समदी इसरली म्हना की," गोजरबाई म्हणली.

"इसरायाला आदी कुनी शिकवाया नको का, आत्या?" गोरक्ष म्हणला.

दुसऱ्या दिवशी जायचं होतं. पण राधाकृष्णाचा पाय बरा होईना. गोरक्ष पाणी भरायला लागला, म्हशीमागं जायला लागला. कुंडातून हंडा आणताना निम्मं पाणी अंगावर सांडलं, तर मनकर्णा पोट धरून हसली. तो नुसता उभा राहून तिचं हसणं ऐकत राहिला... असं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी ती राधाकृष्णापुढं जाऊन उभी राहिली.

"काय वो, काल डावा पाय लंगडत हुता. आज उजवा?"

राधाकृष्णानं घाबरून गोरक्षाकडं पाहिलं. गोरक्षानं आभाळाकडं.

"त्याचा दोष न्हाई," गोरक्ष म्हणला. "मीच सांगितलं. फकस्त कोनता पाय ते सांगायाचं ऱ्हायलं."

"कशापायी?"

"अजून... अजून एक दिस तुज्या हातची भाकरी."

मनकर्णेला एकाएकी राग आला. त्याचा आला, स्वतःचा आला, कशाचा आला ते तिचं तिलाच कळेना. "उद्या कोतूळचे पाव्हने येनारेत," ती म्हणली. "मला मागाया. पोराची पिठाची गिरन हाय. बानं शब्द दिलाय."

गोरक्षानं हातातली गवताची काडी मोडली.

"पोरगा बरा हाय?" त्यानं विचारलं.

"ठावं न्हाई. कदी वर आलाच न्हाई. त्याचा बापच येतू."

तिला त्या स्थळाचं आजवर काहीच वाटलं नव्हतं. बरं नाही, वाईट नाही. पाऊस येतो, थंडी येते, तसं लग्न येणार. त्या रात्री मात्र तिला झोप लागली नाही, आणि त्याबद्दल तिनं अंधारात गोरक्षालाच चार शिव्या मोजून दिल्या.

सकाळी गोजरबाईनं कोनाड्यातल्या देवापुढं ताट मांडलं. हळदीकुंकू, गुळाचा खडा, आणि मधोमध एक अख्खी सुपारी, मनकर्णेच्या नावानं हळद लावलेली. शेजारी अडकित्ता. पाहुणे यायचे, दोन्हीकडची जाणती माणसं बसायची, मुलाकडच्यानं ती सुपारी फोडायची आणि गूळ वाटायचा. एकदा सुपारी फुटली की पोरगी त्या घरची झाली. मग राजा आला तरी बोलणं फिरत नाही.

सहादेव पाहुण्यांना आणायला खाली उतरला. गोजरबाई पाण्याला गेली. राधाकृष्ण बाहेर पिशव्या बांधत होता, आता दोन्ही पायांवर धड उभा. गोरक्षानं शेवटची भाकरी खाल्ली, हात धुतला.

"निगतो मी," तो म्हणला.

"नीग." मनकर्णा पाठ करून भांडी घासत होती. भांड्याची कल्हई निघेल एवढ्या जोरात.

"सुपारी हाय का गं जरा?"

"असंल कुटंतरी तितंच. बग."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर डोळे दिसले असते ना त्याला.

कट्.

मनकर्णेचा हात थांबला. ती वळली. गोरक्षाच्या एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात सुपारीचं खांड, दुसरं तोंडात.

"हळद कशाला लावता रं सुपारीला?" तो म्हणला. "कडू लागती."

दारात गोजरबाई उभी. तिच्या डोक्यावरचा हंडा कलंडला. "आगं बया बया! पोरीची सुपारी खाल्ली मुडद्यानं!"

काय झालं ते गोरक्षाला सांगायला गोजरबाईला फार शब्द लागले नाहीत, शिव्याच फार लागल्या. ते ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. "आमच्याकडं खाली लगीन ठरवाया पेढ्याचा पुडा असतो," एवढंच तो कसंबसं म्हणला.

"डब्यात दुसरी हाय," गोजरबाई कुजबुजली. "मनकर्णे, आन. हळद लाव. कुनाला कळतंय?"

मनकर्णा उठली. डबा तिच्या हाताशी होता. झाकणावर हात ठेवला... आणि तसाच काढून घेतला.

"न्हाई आत्ये. देवाम्होरं माज्या नावाची एकच ठेवली हुती. ती फुटली."

"आगं, तुज्या बाचा शब्द हाय! चार लोकांत तोंड कसं दावील त्यो?"

मनकर्णा जागची हलली नाही.

मुलाचे वडील आबासाहेब आले ते घामानं निथळत. मोठा फेटा, मोठं पोट, सोबत दोन भाऊबंद. मागं सहादेव हसत हसत. घोंगडीवर बसले, पाणी प्यायले, आणि आबासाहेबांनी ताटाकडं हात केला. तसं हसणं थांबलं.

"हे काय, सहादेवा? सुपारी कुनी फोडली?"

सहादेवाचं तोंड उतरलं. गोजरबाई पदर तोंडाला लावून बसली. मनकर्णा पुढं आली.

"ह्यानं फोडली. चुकून. 'बग तितं' म्हनून मीच सांगितलं. आत्या दुसरी ठेवीत हुती, मी ठेवू दिली न्हाई."

"आमाला एवडा गड चढवून फुटकी सुपारी दावता?" आबासाहेबांचा आवाज चढला.

"तुमी चढलात मामा, तुमच्या पाया पडते. पर तुमचा ल्योक एकदातरी चढला का? ज्याच्यासंगं जल्म काढायाचा, त्याला माजं तोंड बगावं वाटलं न्हाई. हा मला बगाया आला न्हवता, तरी ह्याचा पाय इथनं निघंना. दोस्ताचा चांगला पाय मोडून बसला हुता!"

भाऊबंदांपैकी एकजण फिस्सकन हसला. आबासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं तसा गप्प झाला. सहादेव मान खाली घालून बसला होता. बापाची ती वाकलेली मान बघून मनकर्णेचं काळीज हाललं. पण शब्द मागं घ्यावा असं वाटलं नाही.

आबासाहेब गोरक्षाकडं वळले. "गाव? आडनाव?"

"मूळ सामरद. धिंदळे."

"कुळ येगळं हाय, सोयरीक बसती," ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणले, "हे बग पोरा. तू चुकून फोडलीस. अजानतेपनी झालं, देव मानून घेईल. आत्ता पिशवी उचल आन् गड उतर, तुला कुनी काय म्हननार न्हाई. आमी दुसरी सुपारी ठेवू. बोल... सुटायाचंय का?"

मनकर्णेनं त्याच्याकडं पाहिलं नाही. काय सांगायचं ते तिनं सांगून टाकलं होतं. आता पाळी त्याची होती.

"चुकून फोडली, खरं हाय," गोरक्ष म्हणला. "पर आता कुनी ती सांधून दिली, तरी मी परत ठेवनार न्हाई. सहादेवबाबांनी न्हाई म्हनलं तर जाईन. तुमी म्हनता म्हनून न्हाई."

आबासाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. टक्कल पुसलं. "सहादेवा," ते म्हणले, "माज्या शब्दातनं तू मोकळा. असली पोरगी आमच्या गिरनीत घातली असती तर पिठाऐवजी आमालाच दळलं असतं." आणि ताटातला गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. "गूळ कुनाचाबी असंना. चढून घसा वाळलाय."

सहादेवानं मान वर केली. पोरीकडं पाहिलं, लई वेळ. मग गोरक्षाला म्हणला, "बापाला घिऊन ये. दसरा हुकवू नको."

गोरक्ष निघाला तेव्हा मनकर्णा म्हैस सोडायच्या निमित्तानं वाटेपर्यंत गेली. ऊन पडलं होतं, लांबवर तारामतीचं शिखर स्वच्छ दिसत होतं.

"एक इचारू?" ती म्हणली. "ठावं असतं, ती कसली सुपारी हाय, तर...?"

"तर तू झोपेतनं उठायच्या आदीच फोडली असती."

ती हसली नाही. फक्त त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उगाच उघडलं होतं, ते लावलं.

तो उतारावरून खाली गेला. वळणावर थांबून ओरडला, "मनकर्णे! एकदा हाक मार की! माज्या नावानं!"

झापाच्या दारात गोजरबाई होती, पाहुणे होते, बाप होता. सगळे कान टवकारून.

"आता न्हाई मारता येत!" मनकर्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "आपल्या मानसाचं नाव घेत्यात का कुटं?"

आणि पदर डोक्यावरून घेऊन, मान ताठ ठेवून, ती म्हशीमागं निघून गेली.