अकरावा कागद

दहा माणसांनी एक ते पाच यांपैकी पूर्ण गुण दिले, तर त्यांची सरासरी ४.८२ येऊ शकत नाही. ४.८ येईल किंवा ४.९ येईल. हे कळायला पेटंट-परीक्षक असावं लागत नाही, पाचवीतलं मूलही सांगेल. तरी एहिमे प्रांतातल्या एका छोट्या कंपनीच्या अर्जात, चौदाव्या पानावर, तो आकडा छापलेला होता.

मी तोक्योच्या पेटंट कार्यालयात काम करते. माझ्याकडे न विणलेल्या कापडांचे अर्ज येतात. डायपरचा वरचा थर, मास्क, जखमेवरची पट्टी. या अर्जातला तंतू दोन पदार्थांचा होता. आतला गाभा गरम हवेत तसाच राहतो, बाहेरचं आवरण वितळतं आणि शेजारच्या तंतूला चिकटतं. सुई नाही, माग नाही. तंतूंचा थर गरम हवेतून गेला की कापड तयार. असे अर्ज मी वर्षाला ऐंशीच्या आसपास तपासते. या अर्जाचा दावा एकच होता: नवं कापड जुन्यापेक्षा हाताला मऊ लागतं.

मऊपणा मोजायचं खात्रीचं यंत्र अजून नाही. त्यामुळे सगळ्या कंपन्या माणसं बसवतात. पेटीत कापड ठेवायचं, न बघता हात घालून चाचपायचं आणि कागदावर एका आकड्याभोवती गोल करायचा. अर्जात लिहिलं होतं, ‘मूल्यमापक दहा’. नवं कापड ४.८२, जुनं ४.४५.

मी दोन्ही आकडे उलटे सोडवले. त्रेपन्न भागिले अकरा. एकोणपन्नास भागिले अकरा.

नोटिशीत मी एक वाक्य घातलं. सरासरी मूल्यमापकांच्या संख्येशी जुळत नाही, खुलासा करावा. उत्तर म्हणून त्यांनी भेटीची वेळ मागितली.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता ते दोघं आले. कंपनीचे पेटंट-वकील कुगा-सान माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याबरोबरचे ओचि-सान म्हणजे हा तंतू बनवणारे, साठी ओलांडलेले. त्यांच्या एका हातात कापडात बांधलेली पेटी होती आणि दुसऱ्या हातात मिकान संत्र्यांची पिशवी.

“ती पिशवी टेबलाखाली ठेवा,” कुगा-सान म्हणाले. “इथे हे चालत नाही.”

“सहा संत्र्यांत कोण विकलं जातं हो?”

“सरकारी माणसं. म्हणूनच चालत नाही.”

ओचि-साननी पिशवी पायाशी ठेवली आणि एक लिफाफा माझ्यापुढे सरकवला. आत मूल्यमापनाचे मूळ कागद होते. मी ते मोजले. अकरा होते. दहांवर नावं होती, अकराव्यावर नव्हतं.

“हा कुणाचा?”

“ते ठाऊक असतं तर नाव घातलं नसतं का?” ते म्हणाले. “आमच्याकडं दहाच माणसं बोलावतो. पॅकिंगमधली, हिशेबातली, एक कँटीनमधली. दहाच आत जातात, मी दाराशी उभा असतो. कागद डब्यात टाकतात. डबा उघडला की अकरा.”

“कुणीतरी दोनदा भरत असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हटलं, चावट आहे कुणीतरी. मग एकदा सगळ्यांना लाल पेनं दिली. दहा लाल निघाले, अकरावा पेन्सिलीचा. आता चार वर्षं झाली. पॅकिंगमधल्या बायका म्हणतात, आज अकरावे आले होते का?”

मी तो कागद उजेडाकडे धरला. पेन्सिलीचा गोल फिका होता. पाठीमागे बोट फिरवायचं मला सुचलं नाही, मी तिरकं धरून पाहिलं. दाब उमटलेला नव्हता.

“मग हा कागद हिशेबात कशाला धरलात?”

“आलेला कागद फेकायचा कसा?” ओचि-सान खरोखर गोंधळले. “फेकला तर आकड्यांत फेरफार झाला असता.”

“आणि अर्जात दहा लिहिलेत.”

“बोलावले दहाच होते ना.”

कुगा-साननी डोळे मिटून घेतले.

मी अकरावा कागद बाजूला ठेवला आणि बाकीचे बेरजेला घेतले. नव्या कापडाला अठ्ठेचाळीस, जुन्यालाही अठ्ठेचाळीस. दोन्हींची सरासरी ४.८. दहा माणसांच्या हाताला ती दोन कापडं सारखीच होती. फरक होता तो फक्त या कागदात. नव्याला पाच, जुन्याला एक.

“म्हणजे हा कागद काढला तर शोधच उरत नाही,” मी म्हणाले.

“कागद काढला तर लाइनही उरत नाही,” ओचि-सान म्हणाले. “पेटंट असेल तरच डायपरवाले करार करणार आहेत. नाही तर मार्चअखेर ती गरम हवेची लाइन बंद. तिच्यावर तेवीस माणसं आहेत. मी त्यांना पेटंट घेऊन येतो सांगून निघालोय.”

नियम असा आहे की अर्जात लिहिल्याप्रमाणे केलं तर कुणालाही तोच परिणाम मिळायला हवा. कारण सांगता येण्याची सक्ती नाही. तंतू मऊ का लागतो हे अनेक शोधकांना माहीत नसतं आणि आम्ही ते विचारत नाही.

“पेटीत कापडं आहेत ना?” मी विचारलं. “मग इथेच करून बघू.”

मी माझ्या टेबलाशी जाऊन तीन कोरे तक्ते छापले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझा शिक्का मारला. दोघांना बाहेर उभं केलं. तुकड्यांना अ आणि ब नावं देऊन मी ते पेटीत ठेवले, नवं कोणतं हे वहीत लिहिलं आणि वही बंद केली. पेटी पुठ्ठ्याची होती. एका बाजूला बाही शिवलेलं भोक, बाकीच्या बाजू बंद. लिफाफा मी आमच्या कपाटातला घेतला.

आधी ओचि-सान, मग कुगा-सान, मग मी.

माझ्या बोटांची टोकं बधिर आहेत. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या औषधांनी तसं झालं. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा येणार नाही. कार्यालयात मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मी कागद वाचते, कापड हाताळत नाही, त्यामुळे अडलंही नव्हतं. बटणं मी बघून लावते. चहा गरम आहे का, हे वाफेवरून ठरवते.

मी उजवा हात आत घातला. काही लागलं नाही. तसं ते लागणारही नव्हतं.

खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं ऊन दिसत होतं. ओचि-सान भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते. मी बोटं डावीकडून उजवीकडे नेली, निदान तसं मला वाटलं. मग माझं लक्ष मनगटाकडे गेलं. घड्याळ बाहेर होतं. माझ्या देखत ते बाहीत सरकलं.

मी हात पुढे केला नव्हता.

मी तो काढून घेतला. काही अडलं नाही. मी दोन्ही कापडांना तीन-तीन दिले, कागद लिफाफ्यात टाकला आणि लिफाफा उलटा केला.

चार कागद पडले.

चारही कागदांच्या कोपऱ्यात माझा शिक्का होता. छपाईयंत्राच्या नोंदीत तीन पानं होती, ते मी नंतर पाहिलं.

ओचि-साननी दोन्हींना चार दिले होते. कुगा-साननी दोन्हींना पाच. माझे तीन-तीन. चौथ्यावर अ ला एक, ब ला पाच. मी वही उघडली. ब हे नवं होतं.

“बघा,” ओचि-सान हळू म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

मग ते पुढे वाकले. “हे काय आहे?”

छापलेल्या दोन ओळींखाली पेन्सिलीनं तिसरी ओळ काढलेली होती.

क. त्याच्यापुढे दोन गुण. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: थंड आहे. धरलं तरी कळत नाही.

“पेटीत दोनच तुकडे होते ना?” कुगा-साननी विचारलं.

“दोनच,” मी म्हणाले.

“आमच्याकडं क कधी आलेला नाही,” ओचि-सान म्हणाले. “चार वर्षांत कधी नाही.”

मी उजवा हात टेबलाखाली घेतला होता. तो कधी घेतला ते आठवत नाही.

ओचि-साननी पेटी पुन्हा कापडात बांधली आणि विचारलं, “मग लोकांना काय सांगू?”

“लेखी कळवेन.”

ते गेले. पेटी त्यांनी नेली. संत्री टेबलाखाली राहिली होती, मी खाली पहाऱ्यावर फोन करून त्यांना परत बोलावलं आणि पिशवी हातात दिली.

निर्णय लिहायला मला आठवडा लागला. चौथा कागद काढला तर अर्ज फेटाळावा लागत होता. ठेवला तर मंजूर करावा लागत होता. तो काढायचा तर कारण लिहायला हवं. माझा शिक्का, माझा लिफाफा, माझी खोली. एकही कारण सापडलं नाही. परिणाम माझ्यासमोर आला होता, आणि तोही अर्जात लिहिला होता तसाच. मूल्यमापकांची संख्या अकरा अशी दुरुस्ती करून घेऊन मी मंजुरी लिहिली.

पण मंजुरी त्या भेटीवर उभी होती, म्हणून भेटीचा अहवाल जोडावा लागत होता. त्यात एक रकाना आहे, उपस्थितांची संख्या. तिथे तीन लिहिलं तर चार कागद टिकत नव्हते. मी चार लिहिलं. नावं मात्र तीनच दिली.

आमचे विभागप्रमुख त्सुबोइ-सान यांच्याकडे कागद सहीला गेले. ते प्रत्येक ओळ वाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले. अहवाल त्या पानावर उघडा होता.

“चौथे कोण?”

“माहीत नाही.”

“अर्जदारांच्या बाजूचे की आपल्या?”

मी विचार केला. गुण देणं, शेरा लिहिणं, कागद पुढे सरकवणं, ही कामं आमच्या बाजूची.

“आपल्या,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, जणू फक्त तेवढीच नोंद अपुरी होती. मग अहवालाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “निघण्याची वेळ दोघांचीच आहे. पाहुण्यांचे दोन पास दिले, दोन परत आले. हे कधी गेले?”

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर होता, बोटं किंचित मिटलेली. मी ती मिटली नव्हती.

“अजून गेलेले नाहीत.”

त्सुबोइ-साननी शिक्का मारला, आणि आवाज जरा खाली आणून मला पुढच्या अर्जाचा क्रमांक सांगितला.