हत्तीला चारलेली नाणी

चाकणजवळच्या गावात भागूबाईंकडचा लोखंडी हत्ती आणायला मी गेले, तेव्हा दुपारचं स्वच्छ ऊन होतं. परदेशात शिकताना मी असे प्राण्यांच्या आकाराचे जुने गल्ले पाहिले होते. सोंडेवर नाणं ठेवायचं, शेपूट दाबायची. सोंड उचलली जाते आणि नाणं पोटात. कंपन्यांतल्या कामगारांच्या मुलांसाठी मी वर्ग सुरू केला होता. त्यांना बचत शिकवायला असा गमतीदार मास्तर दुसरा मिळाला नसता.

भागूबाईंच्या सासऱ्यांनी तो खडकीला कुण्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला.

"आमी यात बचत न्हाई केली, ताई. पोर आजारी पडलं की पैसा ओवाळायचा आन् हत्तीला चारायचा. दिलेलं दुखणं परत मागायचं न्हाई, एवढंच पोरांना शिकवलं. नातीच्या वर्गासाठी म्हणून देते. पर उघडू नका."

"मुलांना भीती नाही शिकवायची, आजी."

"लई शिकलात बघा," त्या हसल्या.

वर्गात मी हत्तीच्या पोटाचं झाकण काढलं. हळदकुंकवानं माखून काळवंडलेली नाणी. ती धुतली आणि पहिली बचत म्हणून प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक ठेवलं. भागूबाईंच्या नातीच्या, तनुजाच्याही.

दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. कुणाला गोवर, कुणाला ताप, कुणाला कावीळ. तनुजाच्या घरी गेले, तर खोलीत ओल्या राखेचा वास. ती खोकत होती. कोरडा, लांब खोकला, शेवटी शिट्टी वाजावी तसा.

भागूबाई उंबऱ्यावर थिजल्या होत्या. "हा हिचा खोकला न्हाई... माझ्या थोरल्या पोराचा हाय. पैसा ओवाळला, तरी यातच गेला तो."

मी धावत घरोघर फिरले. नाणी गोळा केली, वर्गातला हत्ती तनुजाच्या घरी आणला आणि एकेक नाणं त्याला चारत गेले. आयांचे फोन येऊ लागले, ताप उतरला म्हणून. शेवटी तनुजाच्या मुठीतलं नाणं राहिलं. सोंड अर्ध्यावरच अडली. भागूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः शेपूट दाबली.

नाणं आत गेलं. पडल्याचा आवाज आला नाही.

तनुजाचा श्वास संथ झाला. आणि मग हत्तीच्या पोटातून, अगदी हलका, तोच खोकला...

"आजी... ऐकलंत?"

भागूबाईंनी हत्ती मांडीवर घेतला. त्याच्या थंड पाठीवर त्या थोपटत राहिल्या. बऱ्याच वेळानं खोकला थांबला.

"हळू बोला, ताई," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा..."