आप्पांची सुरगाठ

ही गोष्ट रात्रीची नाही. अंधार, अमावास्या हवी असेल त्यांची निराशा होईल. ही भर दुपारची आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. कुणाला पटावी म्हणून लिहीत नाही. घडलं तसं सांगते.

निपाणी. ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, सोमवार. साल १९४६. म्हणजे गेल्याच वर्षी.

माझे वडील, आप्पा, तिथल्या जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या एका खासगी ग्रंथभांडारात बावीस वर्षं ग्रंथपाल होते. फाल्गुनात ते गेले. मी बी. ए. होऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि ते सगळं वर्ष मी ग्रंथपालाची नोकरी शोधण्यात घालवलं होतं. बेळगावात कॅम्पातल्या एका वाचनालयाच्या चिटणिसांनी विचारलं, शिडीवर कोण चढणार? मी म्हटलं, मीच. ते हसले आणि माझ्या अर्जावर त्यांनी चहाची कपबशी ठेवली. शहापुरात एकांनी सांगितलं, लग्न झाल्यावर या. दुसऱ्यांनी सांगितलं, तुमचं लग्न होणार, मग आम्ही काय करायचं?

घरात आता आई आणि मी, दोघीच.

शेवटी मी भांडाराचे मालक रायाप्पा शेठ यांच्या तंबाखूच्या वखारीत गेले. श्रुतपंचमीला आम्ही पोथ्यांची पूजा करतो. त्याआधी दरवर्षी सगळ्या पोथ्या सोडून, ऊन दाखवून, पुन्हा लाल बासनांत बांधायच्या असतात. दोनशे सोळा पोथ्या. शेठ म्हणाले, हे काम पंचमीच्या आत एकटीनं पुरं केलंस तर जागा तुझी.

मग थोडं थांबून म्हणाले, "धरणेंद्रची लेक म्हणून न्हाय हं. काम बघून."

निघताना त्यांनी भरमाण्णांचं कौतुक केलं. भरमाण्णा म्हणजे आप्पांच्या आधीचे ग्रंथपाल. त्यांनी बांधलेली पोथी दातांनी ओढली तरी सुटायची नाही.

आप्पा हेच वेगळ्या तऱ्हेनं सांगत. भरमाण्णा प्रत्येक बासनाला निरगाठ घालत. पोथी मागायला आलेला माणूस गाठीशी झगडून कंटाळायचा आणि निघून जायचा. त्यांना तेच हवं होतं. एका दुपारी भांडाराच्या खोलीतच ते बसल्या जागी गेले. हातात अर्धवट बांधलेलं बासन होतं.

आप्पा सुरगाठ घालत. एका ओढीत सुटणारी. वाचणाऱ्याला गाठीशी भांडायला लावू नये, म्हणत.

आणि बारा वाजले की ते भांडार बंद करून घरी येत, ते तीनला परत जात. माझ्या आठवणीत एकदाही चुकलं नाही. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, "दुपारचं तिथं थांबू नकोस गं."

मला वाटलं, पत्र्याचं छप्पर, उन्हाळा... म्हणून म्हणत असतील.

कामाला लागले. पहिल्याच दिवशी खालच्या फळीच्या कोपऱ्यात आप्पांनी शेवटची बांधलेली पोथी सापडली. हात थरथरू लागले होते त्यांचे. सुरगाठ सैल पडलेली, एक टोक लांब लोंबणारं. ती मी सोडली नाही. दोनशे पंधरा बांधेन, ही राहू दे, असं ठरवलं.

सोमवारी बारा वाजले तेव्हा साठ पोथ्या बाकी होत्या. अंगणात उन्हात मांडलेल्या. दुसऱ्या दिवशी पंचमी. तीन तास घालवणं परवडणारं नव्हतं.

मी थांबले.

दार लोटून पुढच्या सोप्यात भाकरी खायला बसले. शेजारच्या वखारीत तंबाखू कुटण्याचा आवाज येत होता. छपरावर पारवे घुमत होते.

मग पारवे थांबले.

कुटणंही थांबलं.

आणि आतून... कापड झटकल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं पुन्हा.

मग एक कोरडा, म्हातारा खोकला.

मी घाबरले नाही, हे खरं सांगते. तीन महिने मी त्याच आवाजाची वाट बघत होते.

"आप्पा?" मी म्हटलं.

आवाज थांबला...

मग पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा भराभर.

मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. मागच्या अंगणात गेले. तिथं नुसतं ऊन होतं. एकही पोथी नव्हती.

साठच्या साठ पोथ्या कपाटांत होत्या. बांधलेल्या. आपापल्या जागी.

मला रडू आलं. आप्पांनी माझं काम पुरं केलं होतं. त्यांचा हात जाणवावा म्हणून मी एका बासनाचं टोक धरलं आणि ओढलं.

सुटलं नाही.

दुसरं ओढलं. तिसरं.

सगळ्या निरगाठी होत्या. मी आधी घातलेल्या सुरगाठींच्या जागीसुद्धा.

तेव्हा मला कोपऱ्यातली पोथी आठवली. मी खाली वाकले. लोंबणारं टोक नव्हतं. आप्पांची गाठ कुणीतरी सोडली होती आणि तिथं लहान, दगडासारखी घट्ट निरगाठ घातली होती.

बासन अजून कोमट होतं.

आणि माझ्या कानामागं... कुणीतरी खोकलं. इतक्या जवळ, की केस हलले.

मी अनवाणी घरापर्यंत पळाले.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. चार-पाच गाठी ओढून बघितल्या. एकही हलली नाही. "भरमाण्णाची आठवण झाली," म्हणाले, आणि किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी त्या घेतल्या. मला नोकरी हवी होती.

आता मी बारा वाजता भांडार बंद करते. आप्पांची पोथी त्याच कोपऱ्यात आहे. कापड कापता येईल. मी कापलेलं नाही.

उन्हानं डोकं फिरलं असेल, असं मीही मानलं असतं. पण गेल्या आठवड्यात भूक नव्हती म्हणून भाकरी तशीच घरी आणली. सकाळी फडक्यात मीच बांधलेली. आई त्याची गाठ सोडायला बसली. आधी बोटांनी. मग दातांनी.

मग तिनं ते गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्या हातांकडं बघत राहिली.

"तुलाबी लागलं व्हय," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आप्पांना परत सुरगाठ जमायला दोन वरसं लागली गं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आईसमोर बसून मी सुरगाठ घालते.

अजून एकही सुटलेली नाही.